ज्वारीचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. पिकाच्या बाबतीत मात्र हा संकोच बाळगण्याचे कारण नाही. बैल विकत घेताना शेतकरी त्याची जात आणि त्याचा मुलूख विचारून घेतो. कारण जनावर कोणत्या हवापाण्यात वाढले, यावर त्याचा काटकपणा अवलंबून असतो. पिकाचेही तसेच आहे. ज्या प्रदेशात त्याचा जन्म झाला, त्या प्रदेशाच्या सवयी ते हजारो वर्षे आपल्या अंगी बाळगून असते.

परभणी जिल्ह्यात ज्वारी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे पीक होय. भाकरी माणसाला व कडबा जनावराला, असा तिचा दुहेरी आधार आहे. या पिकाचे मूळ स्थान कोणते, त्याचे सगेसोयरे कोठे कोठे पसरलेले आहेत आणि आपल्या काळ्या जमिनीत ते कसे स्थिरावले, हे पाहणे केवळ ज्ञानाची हौस भागविण्यापुरते नाही. खरिपाची ज्वारी काळी का पडते, कोवळी ज्वारी खाऊन जनावर का दगावते, बांधावरचे बरू का काढावे आणि घरचे जुने बियाणे का जपावे, या चारही प्रश्नांची उत्तरे या कुळाच्या इतिहासात सापडतात.

कुळाची खूण

पृथ्वीवर गवतांच्या अकरा हजारांहून अधिक जाती आहेत. गहू, भात, बाजरी, ऊस, हराळी ही सारी गवतेच होत. या मोठ्या परिवारात अनेक कुळे असून ज्वारी ज्या कुळात मोडते, त्यात सुमारे १,२०० जातींचा समावेश होतो. वनस्पतिशास्त्रात या कुळास ‘अँड्रोपोगोनी’ असे नाव आहे. हे कूळ ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. निसवलेल्या ज्वारीचे कणीस हाती घेऊन त्याची एखादी बारीक फांदी बोटांनी उकलून पाहावी. तिच्यावरील कणिशके जोडीजोडीने बसलेली दिसतील. जोडीतील एक बिनदेठाचे असते. त्यात दाणा भरतो. दुसरे लहानशा देठावर असून ते बहुधा वांझ राहते. ही जोडी हीच या कुळाची खूण होय.

आता हीच जोडी बांधावरच्या मारवेलच्या तुऱ्यात शोधावी. तेथेही ती सापडेल. पवन्या, शेडा, कुसळी, रोशा व वाळा या गवतांत ती आहे. काळ्या रानात खोलवर मुळ्या सोडून शेतकऱ्यास हैराण करणारा कुंदाही याच कुळातील होय. उसाच्या तुऱ्यात ती आहे. मक्याच्या कणसात दाण्यांच्या ओळी नेहमी सम संख्येत असतात, त्याचे कारणही तेथील कणिशके जोडीने बसतात हेच आहे. तात्पर्य, परभणीच्या शिवारात ज्वारी, मका, ऊस, बांधावरील मारवेल आणि रानातील कुंदा ही एकाच कुळाची भावंडे शेजारी शेजारी नांदत असतात. बाजरी व हराळी ही गवते असली तरी या कुळातील नव्हेत, हेही ध्यानात ठेवावे.

या कुळाचा विस्तार मुख्यतः उष्ण प्रदेशात आहे. जेथे उन्हाळ्यात वा उन्हाळ्यानंतर पाऊस पडतो आणि त्यानंतर दीर्घकाळ कोरडे दिवस येतात, तेथे ही गवते जोम धरतात. आफ्रिकेची विस्तीर्ण गवताळ राने, भारताचे द्वीपकल्प, आग्नेय आशिया व उत्तर ऑस्ट्रेलिया ही त्यांची प्रमुख ठाणी होत. प्रखर उन्हात हवेतील कर्बवायू शोषून घेण्याची एक विशेष पद्धत या गवतांत आहे. त्यामुळे गहू वा भात यांच्या तुलनेने तेवढ्याच पाण्यात ती अधिक वाढ करू शकतात. परभणीच्या उन्हात ज्वारी का टिकते, याचे पहिले उत्तर हे असे तिच्या कुळात आहे.

एका शिवारात चार मुलखांचे पाहुणे

कूळ एक असले तरी या भावंडांची माहेरे वेगवेगळी आहेत. मक्याचा जन्म मेक्सिकोत झाला. तेथील टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून सुमारे ९,००० वर्षांपूर्वी माणसाने तो घडविला आणि कोलंबसानंतरच्या काळात तो आपल्याकडे पोहोचला. जाड कांड्यांचा ऊस हा प्रशांत महासागरातील न्यू गिनी बेटाचा. ज्वारी आफ्रिकेची. मारवेल, पवन्या, शेडा ही मात्र आपल्या माळरानांवर आपोआप वाढणारी, येथली घरची गवते होत.

दबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी भारतातील गवताळ प्रदेशांची पाहणी करून १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात देशातील गवताचे पाच प्रमुख प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी द्वीपकल्पाच्या पठारावरील प्रकारास पवन्या-शेडा आणि मारवेल यांच्या प्रजातींचेच नाव दिलेले आहे. जिंतूरच्या डोंगराळ भागातील व गंगाखेडकडील बालाघाटाच्या उतारावरील कुरणे याच प्रकारात मोडतात. अशा कुरणावर अतिचराई झाली की प्रथम पवन्या व मारवेल मागे हटतात, त्यांची जागा कुसळी घेते आणि शेवटी निकस, वर्षायू गवते तेवढी उरतात. म्हणून गावच्या गायरानात कोणते गवत अधिक आहे, एवढे पाहिले तरी त्याची प्रकृती कळते. कुसळी माजू लागली की कुरणास काही काळ विश्रांतीची गरज आहे, असे समजावे.

ज्वारीची प्रजाती

अशा या मोठ्या कुळातील एक घर म्हणजे ज्वारीची प्रजाती होय. तिच्यात सुमारे २५ जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य, म्हणजे सतरा जाती ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाच्या भागात मिळतात आणि चौदा तर ऑस्ट्रेलियाबाहेर कोठेच आढळत नाहीत. असे असूनही ऑस्ट्रेलियात माणसाने ज्वारीचे पीक घडविले नाही. ते घडले आफ्रिकेत. जंगलात जाती पुष्कळ असणे ही एक गोष्ट आणि माणसाने त्यांतील एकीला हाताशी धरून पीक करणे ही दुसरी गोष्ट होय.

भारतातही ज्वारीचे काही रानटी आप्त आहेत. दख्खनच्या काळ्या जमिनीत एक रानज्वारी उगवते. तिच्या पेऱ्यांवर केसांचे दाट कडे असते आणि कणिशकांवर जांभळट, रेशमी लव असते. तिच्या शास्त्रीय नावाचा, ‘पर्प्युरिओसेरिसियम’ या शब्दाचा अर्थही जांभळे रेशीम असाच आहे. शेतातील ज्वारीत वीस रंगसूत्रे असतात, तर हिच्यात दहाच. त्यामुळे दोघींचा संकर घडवून आणणे फार कठीण जाते. परंतु ज्वारीच्या कोवळ्या रोपाचा पोंगा मारणाऱ्या खोडमाशीस ही रानज्वारी जवळजवळ दाद देत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणून संशोधकांचे तिच्याकडे लक्ष आहे.

रानटी आप्तांचा असा उपयोग ही कल्पनेतील गोष्ट नव्हे. कोइमतूर येथील ऊस पैदास केंद्र १९१२ साली सुरू झाले. तेथे बार्बर व वेंकटरामन यांनी जाड उसाचा संकर नदीकाठी पांढरे तुरे मिरवणाऱ्या काशाच्या रानगवताशी घडवून आणला आणि त्यातून को-२०५ हा वाण १९१८ साली बाहेर पडला. उसाला काटकपणा लाभला तो या रानगवताकडून. आजच्या उसाच्या बहुतेक वाणांत काशाचे रक्त आहे. ज्या गवताला शेतकरी निरुपयोगी म्हणून जाळून टाकीत असे, त्याने ऊसशेतीचे रूप पालटले.

जन्मभूमी

ज्वारीची जन्मभूमी ईशान्य आफ्रिका होय. इजिप्तच्या दक्षिण सीमेजवळ नब्ता प्लाया येथे सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत ज्वारीचे दाणे सापडले. परंतु ते रानटी ज्वारीचे होते. त्या काळचे लोक रानातून दाणे गोळा करून आणीत, पेरीत नसत. पेरणीच्या ज्वारीचा सर्वांत जुना पुरावा सुदानच्या पूर्व भागात कसाला शहराच्या परिसरात मिळाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेथील वस्ती इ. स. पू. ३५०० ते ३००० या काळातील आहे.

हा पुरावा कसा मिळाला, हे आपल्या शेतकऱ्यास चटकन पटेल. आपल्याकडे भिंत लिंपताना मातीत भुसा कालवतात, त्याचप्रमाणे तेथील लोक मडक्यांच्या मातीत ज्वारीची तुसे मिसळीत. मडके भाजले की तूस जळून जाई. पण मातीत त्याचा ठसा राही. हे ठसे शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो, त्यामुळे त्याच्या तुसाचे बूड गुळगुळीत असते. पेरणीच्या ज्वारीचा दाणा कणसाला धरून राहतो, तो मळणी करून तोडावा लागतो. म्हणून बूड फाटलेले असते. त्या मडक्यांवर दोन्ही प्रकारचे ठसे मिळाले. म्हणजे त्या काळी रानटी गवताचे पीक होण्याची क्रिया चालू होती.

दाणा न गळणारे कणीस निवडून ते पुढील वर्षी पेरणे, एवढ्या एका कृतीने गवताचे पीक झाले. बियाण्याची निवड ही शेतीची पहिली विद्या आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

पाच घराणी

सुदानमधून ज्वारी आफ्रिकेत चहूकडे पसरली. जेथे गेली तेथील पाऊसपाण्याप्रमाणे तिचे रूप बदलले. हार्लन व डी वेट या शास्त्रज्ञांनी १९७२ साली कणिशके व दाणा यांवरून तिची पाच मुख्य घराणी ठरविली. ही वर्गवारी आजही सर्वत्र वापरली जाते.

पहिले घराणे ‘बायकलर’. हे सर्वांत जुने असून त्याचे कणीस मोकळे व दाणा तुसात झाकलेला असतो. दुसरे ‘गिनी’. हे पश्चिम आफ्रिकेच्या अधिक पावसाच्या मुलखातील. त्याचे कणीस पांगलेले असते व तुसे उघडून दाणा वळतो. त्यामुळे पाणी निथळून जाते आणि वाऱ्याने कणीस लवकर वाळते. तिसरे ‘कॉडेटम’, सुदान, चाड व युगांडा या पट्ट्यातील. त्याचा दाणा एका बाजूने चपटा असतो. चौथे ‘काफिर’, विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचे. पाचवे ‘दुर्रा’. याचे कणीस घट्ट, दाणा टपोरा आणि कणसाचा दांडा पुष्कळदा हंसाच्या मानेसारखा खाली वळलेला. हे घराणे कोरड्या मुलखाचे. इथिओपियाच्या कडेचा भाग, अरबस्तान आणि भारत ही त्याची ठाणी होत. आपली रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, प्रामुख्याने या पाचव्या घराण्यातील आहे.

सुदानहून शाळूपर्यंत

ज्वारी भारतात आली ती इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात, असे उत्खननांवरून मानले जाते. समुद्रमार्गे अरबस्तानच्या किनाऱ्याने ती सौराष्ट्राकडे आली असावी. बाजरी व नाचणी ही आफ्रिकेचीच धान्येही याच सुमारास आपल्याकडे आली. त्या वेळी आलेली ज्वारी बायकलर घराण्याची होती. पुढे तिच्यातून दुर्रा घराणे कोठे निर्माण झाले, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. हार्लन व स्टेमलर यांनी १९७६ साली असे मत मांडले की दुर्रा ही भारतातच घडली आणि नंतर अरब व्यापाऱ्यांबरोबर आफ्रिकेत परत गेली. इतर काही विद्वानांस हे मान्य नाही. जन्मस्थानाचा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीत, पाऊस उलटल्यावर, केवळ जमिनीतील ओलीवर येणारी ज्वारी येथल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके कणसे निवडून सिद्ध केली.

परभणी जिल्ह्याची जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली असून गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत ती खोल व काळी आहे. ही जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेला शाळू हे साठलेले पाणी पिऊन, पुढे पाऊस न पडताही, दाणा भरतो. दिवस लहान होऊ लागले की निसवायचे, ही उष्ण प्रदेशातील सवयही त्याने सोडलेली नाही. म्हणून शाळूचे बी आषाढात टाकले तर धाट उंच वाढत जाते आणि निसवणी लांबते. हंगाम चुकविला तर दोष बियाण्याचा नव्हे.

अशा गावरान ज्वारीतूनच सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३०च्या दशकात निवड पद्धतीने एम ३५-१ हा वाण तयार करण्यात आला. तोच आज मालदांडी म्हणून ओळखला जातो. जवळजवळ नव्वद वर्षे लोटली तरी रब्बीत त्याचा मान टिकून आहे. भाकरीची चव, कडब्याची प्रत आणि ताण सोसण्याची शक्ती या तिन्ही गोष्टी एकत्र आणणे सोपे नसते. परभणी येथे १९५६ साली कृषी महाविद्यालय व १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील ज्वारी संशोधन केंद्राने पुढे परभणी मोती, परभणी ज्योती हे वाण दिले. लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असलेला परभणी शक्ती हा वाण २०१८ साली प्रसारित झाला.

संकरित ज्वारीची गोष्टही घराण्यांचीच आहे. आफ्रिकेच्या दोन टोकांची मायलो व काफिर ही ज्वारी अमेरिकेत गेली. तेथे टेक्सासमध्ये स्टीफन्स व हॉलंड यांनी १९५४ साली या दोघींच्या संकरातून परागरहित नर-वंध्य झाडे मिळविली. त्यांच्यामुळे संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर काढणे शक्य झाले. भारतात १९६४ साली आलेला सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण याच पद्धतीचा; त्याची मादी काफिर घराण्याची होती. खरिपात संकरित ज्वारीने उत्पादन वाढविले. रब्बीत मात्र तिला मालदांडीची जागा घेता आली नाही; कारण खरिपाचा पाऊस आणि रब्बीची ओल ही दोन वेगळी जगे आहेत.

शेतावर याचा उपयोग

कुळाची ही माहिती शेतावर कशी उपयोगी पडते, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट खरिपाच्या ज्वारीची. घट्ट कणसाची ज्वारी मुळात कोरड्या मुलखाची. दाणा पक्व होताना पाऊस आला की अशा कणसात पाणी अडते, बुरशी वाढते व दाणा काळा पडतो. म्हणून खरिपासाठी बुरशीस तोंड देणारे शिफारशीचे वाणच निवडावेत. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागला की दाणा भरून झाला असे समजावे. पावसाची लक्षणे असतील तर कणसे ताटावर वाळण्याची वाट न पाहता कापणी करून ती सुरक्षित जागी वाळवावीत.

दुसरी गोष्ट जनावरांच्या जिवाची. चरणाऱ्या प्राण्यांपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी रानटी ज्वारीने अंगात एक विषद्रव्य बाळगले आणि माणसाने पीक केल्यावरही ते गेले नाही. दुर्रा या नावावरूनच त्याला ‘धुरिन’ म्हणतात. कोवळी रोपे, पावसाच्या ओढीने सुकलेले पीक आणि कापणीनंतर फुटलेले कोवळे पोंगे यांत ते सर्वांत जास्त असते. जनावराने ते खाल्ले की पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष तयार होते. यालाच किराळ लागणे म्हणतात. जनावरास धाप लागते, तोंडाला फेस येतो, ते थरथरून कोसळते आणि थोड्याच वेळात दगावू शकते. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता ताबडतोब पशुवैद्यकास बोलवावे. वेळेवर टोचलेल्या औषधाने जनावर वाचते. त्याहून उत्तम म्हणजे फुलोऱ्यापूर्वीच्या ज्वारीत आणि खोडव्याच्या पोंग्यांत जनावरे सोडूच नयेत. नीट वाळविलेल्या कडब्यात हा धोका फार कमी असतो.

तिसरी गोष्ट बरूची. बरू हे ज्वारीचे बहुवर्षायू रानटी भावंड होय. आफ्रिकेतील रानज्वारी व आग्नेय आशियातील एक जात यांच्या नैसर्गिक संकरातून ते निर्माण झाले. अमेरिकेत १८४०च्या सुमारास कर्नल जॉन्सन यांनी चाऱ्यासाठी त्याची लागवड केली. आज तेथे ते जॉन्सन गवत या नावाने जगातील अत्यंत त्रासदायक तणांपैकी एक म्हणून ओळखले जाते. ते बियांनी पसरते आणि जमिनीतील कांड्यांनीही. ज्वारीशी त्याचा संकर होतो, हा मोठा धोका. म्हणून संकरित ज्वारीचा बीजोत्पादन प्लॉट बरूपासून ४०० मीटर दूर ठेवावा, असा नियम आहे. पाटाच्या कडेला व बांधावर बरू दिसताच ते फुलोऱ्यापूर्वी कांड्यांसह खणून काढावे. नुसते वरून कापल्यास ते पुन्हा फुटते.

चौथी गोष्ट टारफुल्याची. हे परोपजीवी तण ज्वारीच्या मुळांवर जगते. आफ्रिकेत त्याची अधिक विध्वंसक जात असून तेथील गरीब शेतकऱ्यांचे फार नुकसान होते. तिला तोंड देणारा गुण एन-१३ या भारतीय ज्वारीत सापडला. ही ज्वारी दुर्रा घराण्याचीच. तो गुण शास्त्रज्ञांनी सुदानच्या वाणांत उतरविला. चार हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या दाण्याने आपल्या माहेरचे ऋण असे फेडले. उलट दिशेने, इथिओपियातील एका दुर्रा ज्वारीचा एक गुण आज आपल्या रब्बी ज्वारीत आणण्याचे प्रयत्न होत आहेत. अखेरच्या ताणातही तिची पाने हिरवी राहतात. अशी ज्वारी खडखड्या रोगाने सहसा लोळत नाही.

जे हरवते ते परत येत नाही

या देवघेवीतून एक बोध घ्यावयाचा आहे. एन-१३ ज्वारी कोणी जपून ठेवली नसती, तर सुदानला ती मिळाली नसती. मालदांडी शेतकऱ्यांच्या रानात नसती, तर मोहोळला निवड करण्यास काहीच उरले नसते. शास्त्रज्ञ नवा गुण शून्यातून निर्माण करीत नाही. तो कोठेतरी, कोणाच्या तरी कणगीत असतो, तेथून तो घ्यावा लागतो.

आज ही कणगी रिकामी होत आहे. १९७०च्या सुमारास देशात ज्वारीखाली सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर क्षेत्र होते. आज ते ४० लाख हेक्टरांच्या आसपास आले आहे. मराठवाड्यात सोयाबीन व हरभरा यांनी तिची बरीच जागा घेतली आहे. कापणी-मळणीला मजूर मिळत नाहीत, पाखरे राखणे जमत नाही, भाव मिळत नाही, ही शेतकऱ्यांची कारणे खरी आहेत. कोणालाही तोट्याचे पीक घेण्याचा उपदेश करणे योग्य नव्हे. परंतु पीक कमी करणे आणि बियाणे नाहीसे होऊ देणे यांत फरक आहे. हुरड्याची गूळभेंडी व कुचकुची, लाह्यांची ज्वारी, दगडी यांसारखे वाण एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हौसेपोटी दोन तासांत पेरले जातात. ते माणूस गेले की पुढच्या हंगामात ते दोन तास दुसऱ्या पिकाखाली जातात आणि वाण संपतो.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शीतगृहात ज्वारीचे ४० हजारांहून अधिक नमुने सुरक्षित आहेत. ही मोठी ठेव आहे. तथापि शीतगृहातील बी झोपलेले असते. शेतातील बी दर वर्षी नव्या पावसाशी, नव्या किडीशी झुंजत बदलत जाते. म्हणून दोन्ही ठिकाणी ते असणे आवश्यक आहे.

गावपातळीवर करावयाचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावांत जुनी ज्वारी कोणाकडे आहे, याची चौकशी करावी. हे काम विशेषतः वृद्ध स्त्रियांकडून चांगले होते. कारण बियाणे राखणे हे बहुधा त्यांच्याच हाती असते. वाण मिळाल्यास त्याचे गावातील नाव, जमिनीचा प्रकार, पेरणीचा महिना आणि भाकरी, हुरडा, लाह्या किंवा कडबा यांपैकी उपयोग, एवढी नोंद करावी. नोंदीवाचून बी म्हणजे पत्ता नसलेले पत्र होय.

बियाण्यासाठी कणसे खळ्यावर निवडू नयेत. उभ्या पिकात निवडावीत. शेताच्या कडेची ताटे सोडून मधल्या भागातील, एकाच वाणाची खूण दाखविणारी निरोगी अशी किमान ४० ते ५० कणसे घ्यावीत. एकाच सुंदर कणसाचे बी ठेवल्यास वाणातील विविधता कमी होते. ही कणसे वेगळी वाळवून वेगळी झोडावीत आणि बी स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या भांड्यात ठेवावे. ज्वारीत वाऱ्याने काही प्रमाणात परपरागण होते, म्हणून शेजारी दुसरा वाण असल्यास पेरणीच्या तारखांत अंतर ठेवावे.

अर्धे बी घरी राखून उरलेल्यातील थोडे कृषी कार्यालयामार्फत परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे किंवा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अकोला केंद्राकडे पाठवावे. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्यांना स्वतःच्या पारंपरिक वाणाची नोंदणीही करता येते. गावाने मिळून अशी नोंदणी केल्यास वाणावरील गावाचा हक्क कायद्याने मान्य होतो.

रानज्वारी बांधावर दिसल्यास ती पिकात शिरू देऊ नये. परंतु पडीक जमिनीतील तिची ठिकाणे टिपून ठेवावीत. ज्या रानगवताची आज कोणी दखल घेत नाही, त्याची गरज उद्या लागू शकते, हे उसाच्या उदाहरणावरून दिसून आलेच आहे.

येत्या रब्बीत ज्यांना शक्य असेल त्यांनी घरच्या जुन्या शाळूचे निदान चार तास राखावेत. खाण्यास हुरडा मिळेल, जनावरास कडबा मिळेल आणि पाच हजार वर्षे एका हातातून दुसऱ्या हातात येत राहिलेले बी आपल्या हातून निसटणार नाही.